सरकारी दप्तर आणि मुलाचे नाव

लोकशाहीत सरकारी दप्तर हे लोकांचे दप्तर होय, हे तत्त्व आपण आता मान्य केले आहे. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. ज्याच्या पैशावर कचेरी चालते त्याला तिच्यातील कागद पाहता यावा, हे रास्तच आहे. परंतु याच दप्तरात असाही एक नागरिक आहे की, ज्याची नोंद कोणी त्याला विचारून केलेली नाही आणि जो तिच्याबद्दल तक्रारही करू शकत नाही. तो म्हणजे अठरा वर्षांच्या आतील मूल. त्याचे नाव लोकांच्या दप्तरात आहे, एवढ्यावरून ते लोकांनी वाचण्यासाठी आहे असे ठरते काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. केंद्राच्या १९६० सालच्या बालक कायद्यातही चौकशीतील मुलाचे नाव छापण्यास मनाई होती. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने ही मनाई चौकशी, तपास व खटला यांसंबंधीच्या सर्व प्रकारच्या प्रसिद्धीला लागू केली आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेले मूल, निराधार मूल, गुन्ह्याला बळी पडलेले मूल, इतकेच काय, साक्षीदार मूलदेखील तिच्या कक्षेत येते. मुलाच्याच हितासाठी बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकते. एरवी हा नियम मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नाव गाळले म्हणजे ओळख झाकली, असे आपण समजतो. पण समजा, एखाद्या अहवालात असे लिहिले की, ‘अमुक गावच्या शाळेतील सातवीतली मुलगी, वडील पोस्टमन.’ गावात पोस्टमन एकच! मग नाव लिहिले काय अन् न लिहिले काय, सारखेच. म्हणूनच बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात ‘ओळख’ या शब्दात मुलाचे कुटुंब, शाळा, नातेवाईक आणि शेजारही धरले आहेत.

पोलिसांकडील प्रथम खबरीचेही तेच. ती चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला, तेव्हाच नाजूक स्वरूपाची प्रकरणे त्यातून वगळली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात न्यायालयाने अशा खबरी लोकांपुढे ठेवू नयेत, ओळख उघड करणारे कागद शक्य तोवर सीलबंद लिफाफ्यात ठेवावेत, असे बजावले.

ज्या मुलाच्या हातून चूक घडली त्याच्याबाबत कायदा आणखी पुढे जातो. प्रकरण निकालात निघाल्यावरही चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद बाहेर काढावयाची नाही. सोळा वर्षांवरील मुलांच्या काही अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडता, अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करावी असे २४ वे कलम सांगते. पंधराव्या वर्षीचा शेरा पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या आड येऊ नये, हा त्यातील हेतू.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. गुप्ततेच्या पडद्याआड मुलांऐवजी अधिकारीच लपले तर? एखाद्या बालगृहात मुलांची आबाळ होत असेल, तर ‘मुलांची माहिती गोपनीय आहे’ म्हणून सगळीच फाइल बंद करणे कचेरीला सोयीचे असते. पण कायद्याने तशी मुभा दिलेली नाही. माहिती अधिकाराच्या १० व्या कलमाप्रमाणे न देण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला कागद द्यावा लागतो. बालगृहात मुले किती, अनुदान किती आले व कशावर खर्चले, तपासणीला कोण व केव्हा आले, तक्रारींचे काय झाले, हे सारे मुलाचे नाव न घेताही सांगता येते. झाकायचे ते मुलाला, कारभाराला नव्हे.

तेव्हा नागरिक या नात्याने आपली कामे दोन आहेत. कारभाराचा कागद मागताना मागे हटू नये. आणि मुलाच्या नावाचा कागद हाती पडलाच, तर तो फोनवरून पुढे न धाडता, ज्या कचेरीतून निसटला तिला लेखी कळवून तो मागे घ्यावयास लावावा.