साध्या पाण्याची नळी कशासाठी?

समोर अकरावी-बारावीची बरीच मुलं दिसताहेत, काही शिक्षक आणि पालकही आहेत. जीवरसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल कसं करावं, हा आजचा विषय. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

अकरावीत आम्हाला लाळेचा प्रयोग होता. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाईम असतं, पुस्तकातल्या भाषेत विकर. ते स्टार्चचे तुकडे करतं. स्टार्च शिल्लक आहे की संपला, हे आयोडीन सांगतं. स्टार्च असेल तर गडद निळा रंग येतो, संपला असेल तर आयोडीनचा पिवळटच राहतो. आम्ही तीन नळ्या घेतल्या: एक बर्फाच्या पाण्यात, एक ३७ अंशांवर, एक ८० अंशांवर. स्टार्च आणि लाळ आधी वेगवेगळं त्या तापमानाला आणलं, मग मिसळलं. दहा मिनिटांनी नळ्या तशाच ठेवून आयोडीन टाकलं.

बर्फातली नळी निळी झाली. ३७ची झाली नाही, अपेक्षेप्रमाणेच. पण ८०ची नळीसुद्धा निळी होईना! मी लिहिलं, ‘८० अंशांवरही एन्झाईम छान काम करतं.’ सर म्हणाले, ‘अरे, ८०ला एन्झाईम मरतं. निळा रंग आला असं लिही.’ मी लिहिलं, जर्नलवर सही झाली, गुणही मिळाले. रंग गेला कुठे, हे मात्र ना मी विचारलं, ना त्यांनी.

आता बघा, नेमकं काय झालं होतं. स्टार्चमधला अमायलोज हा ग्लुकोजचा लांब साखळदंड असतो, आणि तो स्प्रिंगसारखा वळलेला असतो. एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. आयोडीन त्या स्प्रिंगच्या पोकळीत जाऊन बसतं, म्हणून निळा रंग दिसतो. एन्झाईमने साखळीचे बारीक तुकडे केले की आयोडीनला बसायला जागा उरत नाही. पण नळी चांगली गरम असली तर तुकडे न होताही आयोडीन तिथे टिकत नाही, आणि रंग जातो. म्हणजे माझ्या नळीत स्टार्च जसाच्या तसा होता! नळी नळाखाली धरली असती तर निळा रंग परत आला असता.

हे मला तेव्हाच कसं कळलं असतं? आणखी एका नळीने. तिच्यात स्टार्च, लाळेऐवजी साधं पाणी, आणि तीही ८० अंशांवर. तिचाही रंग आला नसता, आणि लगेच समजलं असतं की हे काम एन्झाईमचं नाही, उष्णतेचं आहे. या नळीला कंट्रोल म्हणतात. वेळ कमी असला की मुलं सगळ्यात आधी हीच नळी गाळतात, कारण ‘तिच्यात काहीच होत नाही’. अहो, तिच्यात काही होतंय का, हेच तर बघायचं असतं!

ही फक्त शाळा-कॉलेजची गोष्ट नाही. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी आरटी-पीसीआर केली. त्या चाचणीत नमुन्यांसोबत एक नळी अशीही असते जिच्यात कोणाचाच नमुना नसतो. तिच्यात सिग्नल आला, तर कुठेतरी भेसळ झाली आहे, त्या खेपेच्या निकालांवर विसंबता येत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर संशोधन चालतं, तिथेही कंट्रोलशिवाय निकालाला अर्थ नाही. तिथे चुकीच्या निकालाची किंमत जर्नलच्या गुणांपेक्षा फार मोठी असते.

वाशीहून खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. आपल्या देशाचे विज्ञान ऑलिंपियाडचे संघ तिथे निवडले जातात, आणि जीवशास्त्र-रसायनशास्त्राच्या निवड शिबिरांत प्रयोगही करून दाखवावे लागतात. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडमध्ये १०० पैकी ४० गुण प्रॅक्टिकलचे असतात. तिथे पुढ्यात आलेल्या नळीचं उत्तर पाठ करून जाता येत नाही.

मग आपण काय करायचं? शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की निष्कर्ष आधी सांगू नका. प्रश्न द्या, ‘लाळ गरम केली तर काय होईल?’ मुलांना अंदाज लिहू द्या, मग नळ्या लावू द्या. आणि वेगळं उत्तर आलं तर खोडायला लावू नका, ‘कशामुळे आलं असेल?’ एवढंच विचारा.

मुलांनो, हे घरीही करता येतं. भाताची पेज गाळून थंड करा, भरपूर पाणी घाला. चूळ भरून स्वतःची थोडी लाळ पाण्यात घ्या. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकट करा. एका वाटीत पेज आणि लाळ, दुसरीत पेज आणि तेवढंच पाणी. दर दोन मिनिटांनी दोन्हींतला एकेक थेंब पांढऱ्या बशीत आयोडीनच्या थेंबावर टाका आणि दिसेल तो रंग लिहा. लाळ ज्याची त्यानेच हाताळायची, त्यातलं काही तोंडात घालायचं नाही, आणि शेवटी भांडी उकळत्या पाण्याने धुवायची.

दुसरी वाटी सोडू नका. आणि जे दिसलं तेच लिहा, जे दिसायला हवं होतं ते नाही.