आई-बाप कारखान्याला, लेकरू गावात

दसरा झाला की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतली गावं हळूहळू रिकामी व्हायला लागतात. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठाला ऊस आहे, कारखानेही आहेत. पण डोंगरकडेच्या कोरडवाहू माणसाला त्याचा फारसा आधार नाही. तो मुकादमाकडून उचल घेतो आणि टोळीबरोबर सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. परतायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

लेकराला न्यायचं की ठेवायचं, हे बऱ्याच घरांत गाडीत भांडीकुंडी चढवताना ठरतं. पहिली चूक तिथंच होते. उचल बहुधा पावसाळ्यातच हातात पडलेली असते. म्हणजे जाणं तेव्हाच ठरलेलं असतं. मग शाळेत सांगायला दसऱ्यापर्यंत थांबायचं कशाला? आपण उचल घेतली त्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटावं आणि कोण जाणार, लेकरू कोणाजवळ राहणार, हे सांगून टाकावं.

सांगितल्यानं काय होतं? शाळा स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांची यादी करते. त्या यादीवरून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तयार होतो. हंगामी वसतिगृह म्हणजे आई-बाप बाहेर असतील तेवढ्या महिन्यांपुरती गावातच केलेली जेवणाखाणाची आणि अभ्यासाची सोय. खर्च समग्र शिक्षा योजनेतून येतो. प्रस्ताव पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेत जातो. यादी उशिरा गेली की मंजुरी उशिरा, आणि मंजुरी उशिरा की चूलही उशिरा पेटते.

वसतिगृह चालवायचं असतं शाळा व्यवस्थापन समितीनं. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. आता गंमत पाहा, ज्या गावाला वसतिगृहाची गरज सर्वांत जास्त, तिथले समितीतले पालकच आधी कारखान्याला निघून जातात. म्हणून गावात राहणाऱ्या दोघा-तिघांची नावं समितीत असू द्यावीत, स्वयंपाकावर आणि हजेरीवर डोळा ठेवायला.

आता कागद. शाळेला फारसं काही लागत नाही. खरा घोळ होतो रेशनचा. आजी-आजोबांचं कार्ड पुष्कळदा वेगळं असतं आणि लेकराचं नाव आई-बापाच्या कार्डावर. आई-बाप गेले की त्या कार्डावरचं गावात उरतं ते फक्त लेकरू. दुकानात मशीनवर अंगठा मागतात तेव्हा आजीचा चालत नाही, कारण त्या कार्डावर आजी नाहीच. लेकराचा उठत नाही, कारण पाच वर्षांच्या आतल्या आधारला बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात आणि ते नंतर द्यायचं राहून गेलेलं असतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. तेवढ्यासाठी आजीला रिकामी पिशवी घेऊन परतावं लागतं. निघण्याआधी आपण लेकराचं आधार अद्ययावत करून घ्यावं आणि दुकानात एकदा अंगठा लावून बघावा. आई-बापांना आपल्या वाट्याचं धान्य कारखान्याच्या गावी त्याच कार्डावर घेता येतं. त्यासाठी कार्ड सोबत न्यायची गरज नाही. ते आजीजवळच ठेवावं.

त्यानंतरची पायरी म्हणजे वाट बघण्याची. टोळ्या गेलेल्या असतात आणि वसतिगृह सुरू झालेलं नसतं. शाळेच्या दिवसांत दुपारचा पोषण आहार मिळतो. सकाळ-संध्याकाळचं काय, हा प्रश्न राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तर दुपारचंही नाही. लेकरं गळतात ती याच दिवसांत. कोणीतरी गावाकडं येतं आणि जाताना त्यांना कारखान्याला घेऊन जातं. शेजारी म्हणून आपला उपयोग होतो तो इथं. पंधरा दिवस दोन भाकरी जास्तीच्या थापल्या तर एक लेकरू वर्गात राहतं, इतका साधा हिशोब आहे.

वसतिगृह सुरू झालं की दिवसाची घडी बसते. सकाळचं खाणं, शाळा, दुपारी शाळेतलंच जेवण, संध्याकाळी अभ्यास आणि रात्रीचं जेवण. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं तिथं झोपत नाहीत, जेवून आजीकडं जातात. माझ्या मते सगळ्या योजनेतली कच्ची जागा ही रात्रच. आजीला रात्री दिसत नाही, आजोबांना ऐकू येत नाही, आणि ताप मात्र रात्रीच चढतो.

त्यासाठी एक साधी गोष्ट करावी. दाराच्या आतल्या बाजूला, लेकराच्या उंचीला, ऑइल पेंटनं ठळक नंबर लिहावेत: बापाचा, मुकादमाचा, आशाताईचा, गुरुजींचा आणि 1098. हा शेवटचा संकटातल्या मुलांसाठीचा फुकटचा नंबर, रात्रीही चालतो. कागदावर लिहिलेला नंबर उंदीर खातात, मोबाइलमधला मोबाइलबरोबर बंद पडतो. दारावरचा राहतो.

फोनची वेळही ठरवून घ्यावी. फडात तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरेपर्यंत रात्र होते. आईला सवड मिळेल तेव्हा लेकरू झोपलेलं असतं. आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस आणि वेळ असली की लेकरू रोज वाट बघत दारात बसत नाही. आणि फोनवर पहिला प्रश्न ‘अभ्यास केला का?’ हा नको. ‘काय खाल्लं?’ विचारा, बाकीचं ते आपणहून सांगतं.

मोठ्या मुलींची गोष्ट वेगळी. ‘म्हातारीच्या भरवशावर पोरीला कसं ठेवायचं?’ या धास्तीनं लग्नं उरकली जातात, वर एक नवा कोयता तयार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सहावीपासूनच्या मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय हा चांगला पर्याय आहे. तिथं राहण्याची खरी सोय असते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृहंही 2021 मध्ये मंजूर झाली, 41 तालुक्यांत मिळून 82. आपल्याजवळचं सुरू आहे का, जागा आहे का, ते समाजकल्याण कार्यालयात जूनमध्येच विचारावं. दिवाळीला विचारून उपयोग नाही.

इतकं करूनही काही लेकरं न्यावीच लागतात; घरी म्हातारं माणूसच नसतं. मग शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. लेकरू कितवीत आहे, काय शिकलं, याची त्यावर नोंद असते. ते कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखवलं की बसवून घेतात. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. कोणी अडवलंच तर कायद्याचं नाव घ्यावं, आवाज न चढवता.

शेवटची अडचण मार्च-एप्रिलची. वसतिगृह बंद होतं, पट्टा अजून पडलेला नसतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. तेव्हा वसतिगृह कोणत्या तारखेपर्यंत चालणार, हे सुरू होतानाच विचारून ठेवावं आणि पुढच्या दिवसांचं धान्य आजीच्या कणगीत आधीच टाकावं.

आपल्या गल्लीतलं एखादं घर यंदा जाणार असेल, तर पोळ्याच्या आत त्यांच्या लेकराचं नाव शाळेच्या यादीत लागलं का, एवढं बघून या.