एक तळं, एक बेट, एक रात्र

सध्या ऑफिसांमध्ये एक साथ पसरलीय. व्हिएतनामची! दर दोन महिन्यांनी कुणीतरी हालाँग बेला जाऊन येतं आणि डेकवरचे फोटो दाखवून बाकीच्यांना जाम जळवतं. सोळाशेच्या आसपास बेटं, १९९४पासून जागतिक वारसा यादीत नाव आणि रात्रीचा मुक्काम थेट पाण्यावर. खल्लास! पण पासपोर्ट, रजा, विमान आणि क्रेडिट कार्ड या चौघांचं एकमत व्हायचं कधी? आम्ही चार मैत्रिणी-मित्रांनी सरळ गोंदियाचं तिकीट काढलं.

हो, गोंदियाच! १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांनी भरलेला आहे. त्यातलं सगळ्यात देखणं तळं म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची. दोन्ही थेट गोंदियाला सोडतात. पुढे साधारण ६५ किलोमीटर. स्लीपरचं तिकीट आणि चौघांत वाटलेलं गाडीभाडं... खिशाला अजिबात टोचत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. इथे बोटीत झोपता येत नाही. हे राष्ट्रीय उद्यान १९७५चं, आणि २०१३पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. त्यामुळे बोट दिवसा, झोप काठावर. पण रात्र मात्र पाण्याचीच!

सात बहिणी आणि एक पाटील

दहा चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेलं हे पाणी निसर्गाने आयतं दिलेलं नाही, हे बोटीत बसेपर्यंत खरंच वाटत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी बांध घालून बुजवल्या आणि तळं तयार झालं. कशासाठी? धानासाठी! काठावरच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालायला त्यांनीच पाटलांना मदत केली, अशी श्रद्धा. पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला. आपल्याकडे प्रोजेक्ट वेळेत संपवला तर फार तर ईमेल येतो!

पाण्याच्या मधोमध झाडीने भरलेलं मालडोंगरी बेट आहे. आमची बोट त्या दिशेने निघाली तशी आमच्यातल्या एकाने स्पीकर काढला. गाणं सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, नावाडीकाका वल्हं थांबवून म्हणाले, "भाऊ, गाना बंद करा ना जी. पाखरं उडून जातात."

स्पीकर बंद झाला. मग कळलं, तळं किती बोलतं ते. हिमालय ओलांडून हिवाळ्यात येणारे पट्टकादंब या भागातल्या तलावांवर उतरतात. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला आपण डीजे ऐकवायचा?

रात्रपाळी

रात्री जेवायला तळ्यातले मासे आणि इथलाच भात होता. मोबाईलला रेंज जेमतेम. सात बहिणी काळ्याकुट्ट उभ्या आणि पाण्यावर चांदणं. पहाटे जाग आली तेव्हा काठाजवळून एक डोंगा सरकत होता. ढिवर मंडळी संध्याकाळी टाकलेली जाळी काढायला निघाली होती. आपण ज्याला 'व्ह्यू' म्हणतो, ते त्यांचं ऑफिस आहे. मासेमारी आणि शिंगाड्याच्या पिकावर या भागातल्या ढिवरांची कितीतरी घरं चालतात.

म्हणूनच हे तळं पर्यटकांचं नाही. ते आधी धानाचं, जाळ्यांचं आणि पाखरांचं. आपण चौथे. हा नंबर लक्षात ठेवला की सहल आपोआप छान होते.

जाताय ना?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बेस्ट. वन विभागाच्या विश्रामगृहाचं बुकिंग आणि बोटी सुरू आहेत का, ही चौकशी निघण्याआधी करा. लाइफ जॅकेट फोटोपुरतं नको, उतरेपर्यंत अंगावर ठेवा. जुलै २०२५मध्ये हालाँग बेत वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि पस्तीसहून जास्त जण गेले. पाणी कुठलंही असो, ते लाड करत नाही.

दुर्बीण आणि स्वेटर न्या. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' बॅगेत टाका. जून २०२५मध्ये आपल्यातून गेलेल्या या अरण्यवाचकाने वनाधिकारी म्हणून इथे वर्षं काढली होती. मासे आणि शिंगाडे गावातूनच घ्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. स्पीकर? तो घरीच राहू दे.

आपली स्वस्त सहल दुसऱ्या कुणाला महाग पडू नये, एवढंच!