शब्द पाठ होतात, टिकत का नाहीत?

परीक्षेआधी इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी एका रात्रीत घोकणारी मुलं घरोघरी दिसतात. आठवड्याभरात त्यातले बहुतेक शब्द उडून जातात. दोष मुलांचा नाही, पद्धतीचा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला. १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले: विसरणं पहिल्या काही तासांतच सर्वाधिक होतं, मग मंदावतं. उजळणी अनेक दिवसांत विभागली, तर कमी कष्टांत अधिक टिकतं.

अशा विभागलेल्या उजळणीसाठी सेबास्टियान लाइटनर याने कप्प्यांची पेटी सुचवली. कार्डाच्या एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि एक वाक्य. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्यात. पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी उघडायचे. कार्ड उलटण्याआधी मात्र अर्थ स्वतः आठवून बघायलाच हवा, कारण स्मरण पक्कं होतं ते त्या प्रयत्नानेच. नुसतं पुन्हा वाचलं की शब्द येतो असं वाटतं, एवढंच.

आणि शब्द कोणते निवडायचे? बंगालमध्ये इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग एवढ्याच शब्दांनी व्यापलेला असतो. भारदस्त, दुर्मीळ शब्दांच्या मागे लागण्याआधी हे पक्के करावेत.