एमआरआयमधला काळा रंग : सायनसच्या ऑपरेशननंतर काय बघतात?

२०२१च्या उन्हाळ्यात आमच्या इंदापुरात ‘म्युकर’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू यायचा. करोनातून उठलेल्या, त्यातही शुगर असलेल्या माणसांना ही बुरशी गाठत होती. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. त्याच दिवसांत शेजारच्या काकांचं पुण्यात सायनसचं ऑपरेशन झालं. नंतरच्या एमआरआयचं पाकीट माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “तू यातच पीएचडी करतोस ना? मग सांग, परत आलंय का?” रिपोर्टमध्ये ‘सूज’ लिहिलं होतं. मी डॉक्टर नाही, आणि तेव्हा मला नीट सांगताही आलं नाही. म्हणून आज लिहितोय.

एमआरआयमध्ये मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल दिसतो. टी-टू नावाच्या चित्रात पाणी पांढरं, हवा काळी. निरोगी सायनसमध्ये हवा असते, म्हणजे काळं दिसलं की बरं, असंच तुम्हाला वाटेल ना? इथंच फसगत होते. शेंबूड वाळून घट्ट झाला, त्यातलं प्रथिनांचं प्रमाण साधारण २५-३० टक्क्यांच्या वर गेलं, की तोही काळा पडतो. बुरशीच्या गोळ्यात लोह आणि मँगनीज साठतं, त्यानं तो आणखी काळा. गच्च भरलेली पोकळी रिकामी वाटते! सीटी स्कॅनमध्ये मात्र हवा आणि गोळा वेगळे दिसतात, शिवाय पातळ हाडंही कळतात. तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही सांगितले तर ‘उगाच खर्च’ म्हणू नका.

आता म्युकरचं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं आणि पुढचा भाग मरतो. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की जिथं रक्त पोहोचतं तो भाग टी-वन चित्रात उजळतो. मेलेला भाग काळाच राहतो. नाकातल्या मांसल घडीला टर्बिनेट म्हणतात. ती अशी काळी राहिली तर रेडिओलॉजिस्ट लगेच सावध होतात.

पण ऑपरेशननंतर चित्र अवघड होतं. ताजी जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या येतात, म्हणून तीही उजळते. साठलेलं रक्त, सूज, नाकात भरलेलं पॅकिंग, सगळं एकत्र दिसतं. टर्बिनेटच कापून काढलं असेल तर ‘ते दिसत नाही’ याला अर्थ नाही. म्हणून नुसत्या ‘सूज’ या शब्दावरून घाबरू नका. उजळायला हवा तो भाग काळा राहिलाय का, डोळ्याच्या खोबणीकडे किंवा मेंदूकडे काही सरकलंय का, हे जास्त महत्त्वाचं. (एक आडवं सांगतो : म्युकरवरचं अँफोटेरिसिन किडनीवर ताण आणतं, म्हणून गॅडोलिनियम देण्याआधी क्रिएटिनिन बघतात.)

आणि हे सगळं आधीच्या चित्राशी ताडून बघावं लागतं. काकांचा ऑपरेशनआधीचा एमआरआय घरी कपाटात पडून होता, डिस्चार्ज कार्डसुद्धा. पुढच्या फेरीला दोन्ही नेले. डॉक्टरांनी जुनी-नवी फिल्म शेजारी लावली, मग दुर्बिणीनं नाक तपासलं. सूज होती, पण उरलेला सगळा भाग उजळला होता.