फिजिओथेरपी सहाय्यक व्हायचंय? आधी हे वाचा

आमच्या आरोग्य शिबिरांत दहावी-बारावी झालेली मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, नर्सिंगला नंबर लागला नाही. फिजिओथेरपी सहाय्यक होता येईल का?" येईल. आणि हे काम मानाचं आहे. पक्षाघाताने महिनाभर खाटेवर पडलेला माणूस पुन्हा पायांवर उभा राहतो, तेव्हा त्याला आधार देणाऱ्या हातांत सहाय्यकाचे हात असतात. पण या वाटेवर फसवणूकही बरीच आहे. म्हणून सगळं नीट समजून घेऊ.

काम नेमकं कोणतं?

रुग्णाला तपासणं आणि उपचार ठरवणं हे फिजिओथेरपिस्टचं काम. ते उपचार नीट पार पडावेत म्हणून मदत करणं हे सहाय्यकाचं. रुग्णाला खाटेवरून व्हीलचेअरमध्ये घेणं, वॉकर धरून चालवणं, शेकाचे पॅक आणि मेणाचं भांडं तयार ठेवणं, सांगितलेले व्यायाम मोजून करून घेणं, नोंद ठेवणं, साधनं पुसून ठेवणं. मालिश म्हणजे फिजिओथेरपी, हा वस्तीतला समज मात्र चुकीचा.

हे हाताचं काम आहे, तसंच डोक्याचंही. व्हीलचेअरचा ब्रेक लावल्याशिवाय रुग्णाला हलवायचं नाही. अर्धांग झालेल्याची खुर्ची शक्यतो त्याच्या बऱ्या बाजूला ठेवायची. लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या त्वचेला चटका कळत नाही. अशा जागी फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय शेक द्यायचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल, दम लागला किंवा चक्कर आली, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच कळवायचं. आणि स्वतःची कंबरही सांभाळायची. गुडघ्यात वाकायचं, रुग्णाला अंगाजवळ घ्यायचं, वजन धरून कमरेत पिळायचं नाही.

प्रमाणपत्राआधी चौकशी

"सहा महिन्यांत स्वतःचं सेंटर टाका" अशी पत्रकं वस्त्यांत वाटली जातात. आमच्या ओळखीच्या एका घराने मंगळसूत्र मोडून अशा एका क्लासची फी भरली. मुलीच्या हाती रंगीत कागद आला, पण रुग्णालयांनी तो मानला नाही. ध्यानात ठेवा, सहाय्यकाला स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. महाराष्ट्रात त्यासाठी पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी लागते. २०२१ साली केंद्रानेही या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे.

म्हणून फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? त्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत ही संस्था आहे का? प्रत्यक्ष सराव कोणत्या रुग्णालयात, किती तास? फीची पावती मिळणार का? उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या. मग जवळच्या दोन रुग्णालयांत जाऊन विचारा, "हे प्रमाणपत्र तुम्ही धरता का?" हा एक फेरा हजारो रुपये वाचवतो.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे का, ते महाडीबीटी पोर्टलवर पाहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीचे हेलपाटे नकोत.

नोकरी धरताना

आमचा अनुभव असा, की नेमणूक 'सहाय्यक' म्हणून होते आणि हातात झाडू येतो. साधनांची स्वच्छता हा कामाचा भाग आहे, ते करायलाच हवं. पण संडास-फरशीचं काम "तुम्हाला सवय असेल" म्हणून आपल्याच मुलांच्या गळ्यात पडत असेल, तर तो कामाचा भाग नाही, ती जात आहे. नेमणूकपत्रात कामाची यादी आणि पगार लिहून घ्या. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. १० किंवा अधिक कामगार आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर राज्य विमा योजनेबद्दल विचारा. घरी जाऊन रुग्ण पाहायचे असतील, तर मुलींनी पत्ता आणि वेळ कुणाला तरी कळवूनच जावं.

पुढची पायरी

सहाय्यकाचं काम हा शेवटचा थांबा समजू नका. बारावीला जीवशास्त्र असेल तर नीट देऊन फिजिओथेरपीच्या पदवीकडे जाता येतं. खर्च आणि वर्षं जास्त लागतात, पण तिथे उपचार ठरवण्याचा अधिकार आपला असतो. काहीच ठरत नसेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन एक सकाळ बसा. दुखण्याने ओरडणारे रुग्ण, घाम, तोच व्यायाम दहादा मोजणं, सगळं पाहा. त्यानंतरही तिथे परत जावंसं वाटलं, तर बेलाशक फॉर्म भरा.