जुन्या घराची दुरुस्ती करताय? फरशीआधी भिंती बघा

लातूर : पाऊस उघडला, सोयाबीनचे पैसे हाती आले की गावोगावी घराची कामं निघतात. बहुतेकांची सुरुवात फरशी, रंग आणि पीओपीपासून होते. पण घर उभं असतं भिंतीवर. तिथं चूक झाली तर खर्च वाया जातोच, शिवाय जिवावर बेततं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली सापडली. तशी घरं आपल्या भागात अजूनही आहेत. त्यांची दुरुस्ती करताना या पाच चुका टाळा.

१. माळवदावर माती वाढवत नेणं
गळती लागली की वर नवी माती टाकली जाते, जुनी कुणी काढत नाही. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट थर म्हणजे एक ब्रास माती, म्हणजेच चार टनांहून जास्त वजन. भिजल्यावर आणखी वाढतं. जादा माती उतरवा, थर आठ इंचांच्या आत ठेवा आणि खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. त्याच वेळी तुळया-खांबांना वाळवी लागली आहे का, तेही बघा.

२. जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणं
‘दोन हात रुंद भिंत आहे, पेलेल की,’ असं म्हणतात. पण ही रुंदी फसवी असते. आत-बाहेर दगडाचे दोन पदर आणि मधे माती-चिपा अशी ही भिंत असते. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर भिंतीला पोट सुटतं. स्लॅबच हवा असेल तर पायापासून स्वतंत्र कॉलम घ्या. काळ्या रानात पाया कठीण मुरुमापर्यंत न्या. तेवढं बजेट नसेल तर पत्रे बरे. मात्र ते हुकांनी पक्के बसवा, वर नुसते दगड ठेवू नका.

३. भेगा लिंपून टाकणं
आधी भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांत भेग खुणेपुढं सरकली तर भिंत अजून हलतेय, नुसत्या गिलाव्याने भागणार नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. तिथं चुना-मातीचा गिलावा चांगला.

४. हॉलसाठी मधली भिंत पाडणं
तुळईचं टोक त्याच भिंतीवर टेकलेलं असू शकतं. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि टेकू दिल्याशिवाय घण घालू नका.

५. सांडपाणी भिंतीशी सोडणं
काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यात पाया हलतो. न्हाणीचं पाणी पाइपने लांब शोषखड्ड्यात सोडा.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी छत आणि पाण्याचा निचरा, मग भिंती, मग लाइट फिटिंग आणि शेवटी फरशी-रंग. मिस्त्रीशी दर काय, माल कुणाचा, काम किती दिवसांत, हे कागदावर लिहून घ्या. पैसे काम होईल तसे टप्प्याने द्या. फरशी पुढच्या वर्षीही बसवता येते, पण भिंतीचं काम पुढं ढकलू नका.